शेजारच्या देशात जाताना कोणता कागद?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पालघर, बोईसर, तारापूरकडच्या घरांत फिरायला जायचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत महाबळेश्वर, अजमेर, फार तर काश्मीरपर्यंत जायचे. आता नेपाळ आणि भूतानचीही नावं निघतात, कारण टूरवाल्यांच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'पासपोर्टची गरज नाही.' आम्ही शाळेत शिकवतो. दाखला किंवा बोनाफाईड घ्यायला आलेले पालक हळूच विचारतात, 'नेपाळला आधारकार्डावर जाता येतं ना?'

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. दादांना येतं, सातवीतल्या नातवाला येतं, पण अब्बा-अम्मींना येत नाही. आणि अकरावीतल्या मुलाचं प्रकरण आणखी वेगळं आहे.

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी मैत्रीचा करार झाला. तेव्हापासून भारतीयाला नेपाळचा आणि नेपाळी माणसाला भारताचा व्हिसा लागत नाही. पण व्हिसा लागत नाही म्हणजे कागदच लागत नाही, असं नव्हे. विमानाने जाणाऱ्या भारतीयाकडे चालू पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनपैकी एक हवं. सवलत आहे ती दोन टोकांच्या वयाला. १५ वर्षांखालील मुलं आणि ६५ वर्षांवरील माणसं वय आणि ओळख दाखवणाऱ्या फोटोच्या दुसऱ्या कागदावर जाऊ शकतात. पॅनकार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, रेशनकार्ड असे कागद त्यात आधीपासून होते. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यात आधारकार्डाची भर घातली. वर्तमानपत्रांत तेव्हा 'नेपाळ-भूतानला आता आधार चालणार' असे मथळे आले. मथळा लोकांच्या लक्षात राहिला, वयाची अट मात्र विसरली गेली.

मधल्या वयाला आधार का चालत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. आधारच्या २०१६ च्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. वर्षात १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार काढता येतं. तारापूरला अणुवीज केंद्र झालं, पुढे बोईसरची एमआयडीसी वाढली, तशी इथे देशभरातून माणसं कामाला आली आणि नेपाळमधूनही आली. सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणाऱ्या नेपाळी वॉचमनच्या खिशातही आधारकार्ड असू शकतं. मग काठमांडूच्या विमानतळावर त्या कार्डावरून हा माणूस भारताचा की नेपाळचा, हे अधिकाऱ्याने ओळखायचं कसं? मतदार ओळखपत्र फक्त भारतीय नागरिकालाच मिळतं, म्हणून ते चालतं.

आता अकरावीतला मुलगा. पंधरा ते अठरा या वयात मतदार कार्ड मिळत नाही आणि पंधरा वर्षांखालची सवलत संपलेली असते. या वयासाठी नियमात एक वेगळाच कागद आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र. नेहमीचं बोनाफाईड नव्हे. नमुना वेगळा आहे. बऱ्याच शाळांना आपल्याला असा काही अधिकार आहे हेच ठाऊक नसतं. पालकांनी मागितल्यावर क्लार्क बोनाफाईड काढून देतो आणि पालक खूश होऊन निघून जातात.

आमच्या नात्यातला एक सोळा वर्षांचा मुलगा मामूंच्या कुटुंबाबरोबर काठमांडूला निघाला होता. सोबत आधार आणि शाळेचं ओळखपत्र. चेक-इनच्या खिडकीवर त्याला अडवलं. कुटुंब एकत्र जात असेल आणि एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटोचं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा पुरतो, अशी नियमात सोय आहे. मामूंनी तीच सांगितली. पण भाच्याचं नाव मामूंच्या रेशनकार्डावर कुठून असणार? आडनाव वेगळं, पत्ता वेगळा. नातं तोंडाने सांगून चालत नव्हतं. मुलगा घरी परतला, तिकिटाचे पैसे गेले आणि मुमानींचाही सहलीतला जीव गेला. एका पानाचं प्रमाणपत्र असतं तर हे टळलं असतं. म्हणून आमचं सांगणं असं की कुटुंबाच्या सवलतीवर भिस्त ठेवू नये. घरातल्या प्रत्येकाकडे स्वतःचा, स्वतःच्या नावाचा कागद असावा.

गोरखपूरपर्यंत रेल्वेने आणि तिथून बसने सोनौलीला जाऊन पायी सीमा ओलांडणारे सांगतात की तिथे कोणी फारसं विचारत नाही. गर्दीत तसं होतंही. पण सीमा ओलांडणं वेगळं आणि पलीकडे हॉटेलात खोली घेणं, दवाखान्यात दाखल होणं, परतीला विमान पकडणं वेगळं. नेपाळहून थेट तिसऱ्या देशात जायचं असेल तर पासपोर्टशिवाय गत्यंतर नाही.

भूतानचं थोडक्यात सांगतो. तिथे भारतीयाला व्हिसा नसला तरी प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागतं. लहान मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला, तोही इंग्रजीत. आपल्याकडचे जुने जन्मदाखले नुसते मराठीत आहेत, ते ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून नव्याने काढून घ्यावेत. शिवाय २०२२ पासून प्रत्येक भारतीय पर्यटकाला रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क भरावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मं आहे. पाच जणांच्या कुटुंबाने चार रात्रींचा हिशेब आधी घरीच करावा. बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, म्यानमार या बाकीच्या शेजाऱ्यांकडे मात्र पासपोर्टच लागतो. मतदार कार्ड तिथे चालत नाही.

इथपर्यंतची माहिती कोणताही चांगला एजंट देईल. पुढची गोष्ट एजंट सांगत नाही, कारण ती त्याच्या नव्हे, आमच्या शाळेच्या कपाटात असते.

शाळेत जनरल रजिस्टर नावाचं एक जाडजूड बाड असतं. मूल पहिलीत आलं की त्यात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण लिहिलं जातं. पुढे शाळा सोडल्याचा दाखला त्यावरून निघतो, दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर तेच नाव चढतं, मग पॅन, मतदार कार्ड, पासपोर्ट. जुन्या रजिस्टरची पानं उलटली तर एक गंमत दिसते. ओळीनं जन्मतारखा १ जून. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला! घरात तारीख लिहून ठेवलेली नसायची. अम्मी सांगायच्या, रमजानच्या आधी झाला, किंवा त्या मोठ्या पावसाच्या साली. शाळा जूनमध्ये उघडायची, तेव्हा मास्तर मुलाच्या वयाला सहा वर्षं बसतील अशी १ जूनची तारीख लिहून मोकळे व्हायचे. त्यांचा हेतू चांगलाच होता, मुलाला प्रवेश मिळावा हा. पण तीच माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. जन्मदाखल्यावर एक तारीख, दाखल्यावर १ जून आणि आधारवर नुसतं साल, अशी तीन वयं घेऊन ती पासपोर्टच्या रांगेत उभी राहतात.

तारखेपेक्षा नावाचा घोळ मोठा. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हा घोळ कसा होतो हे रोज पाहतो. उर्दूत मुहम्मद एकाच पद्धतीने लिहिलं जातं. मराठीत त्याचं महंमद, मोहम्मद, मोहमद होतं. इंग्रजीत तर कोणी दोन एम लिहितो, कोणी एक, कोणी यू, कोणी ओ, आणि कोणी नुसतं एमडी लिहून खाली बिंदू ठेवतो. शेख या दोन अक्षरांच्या आडनावाची इंग्रजीत चार रूपं आमच्या एकाच वर्गाच्या हजेरीत आहेत. सख्ख्या भावांची स्पेलिंगं वेगळी आहेत, कारण एकाचा फॉर्म वालिदांनी भरला आणि दुसऱ्याचा सेतू केंद्रातल्या मुलाने. अरबीतून उर्दूत, उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत अशी तीन घाटं उतरून आलेलं नाव वाटेत थोडं झिजणारच. पण कॉम्प्युटरला हे झिजणं कळत नाही. तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव एका अक्षराने वेगळं असलं तरी खिडकीवरचा माणूस मान वर करून पाहतो.

बायकांच्या नावांचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. निकाहानंतर मधलं आणि शेवटचं दोन्ही बदलायची पद्धत पडली आहे. त्यामुळे खालाजान दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, रेशनकार्डावर दुसरी आणि मतदार यादीत तिसरी बाई होऊन बसतात. कायद्याने नाव बदलण्याची सक्ती नाही आणि आपल्या दीनमध्येही ती नाही. माहेरचं नाव ठेवूनही पासपोर्ट मिळतो. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र द्यायची सक्तीही डिसेंबर २०१६ पासून काढून टाकली आहे. जुन्या पिढीतल्या काही भगिनींच्या कागदांवर तर आडनावाची जागाच रिकामी आहे. फातिमाबी म्हणजे फातिमाबी, पुढे काही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने असं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसावाल्यांना प्रवेश बंद केला. आमच्या भागातली कितीतरी मुलं दुबई-शारजात आहेत. आईला महिनाभर बोलवायचं ठरवल्यावर तिच्या पासपोर्टवर आडनाव नाही, हे लक्षात येतं.

दुरुस्ती करायची तर मूल शाळेत असताना सोपं जातं. जन्मदाखला जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा, तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, मंजुरी आली की रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती होते. शाळा सुटल्यावर हेच काम फार अवघड होतं, कधीकधी कोर्टापर्यंत जातं. म्हणून जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाला येताना जन्मदाखला घेऊन या आणि रजिस्टरात नाव लिहिताना शेजारी उभे राहून इंग्रजी स्पेलिंग वाचून घ्या. घाईत असलेल्या पालकांचा आम्हाला नेहमी राग येतो. दोन मिनिटं थांबत नाहीत आणि वीस वर्षांनी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन येतात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता फक्त जन्मदाखलाच चालतो. या मुलांच्या बाबतीत १ जूनची सोय कायमची बंद झाली, आणि बरंच झालं.

शेजारी देश म्हटलं की आपल्या किनाऱ्यावर आणखी एक नाव निघतं. नेपाळ आमच्यापासून दूर, कराची त्या मानाने समुद्राच्या त्याच काठावर. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला. त्याआधी कराची आणि पालघर एकाच मुंबई इलाख्यात होती. कोकणी माणूस गोदीत, जहाजावर, छापखान्यात काम शोधायला कराचीला जायचा, तो जणू दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यासारखा. त्याला कोणी कागद विचारत नव्हतं. फाळणीनंतरही काही महिने तसंच चाललं. जुलै १९४८ मध्ये परमिट आलं आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आणि व्हिसा. त्या काळात भारत-पाकिस्तान पासपोर्ट नावाची वेगळीच पुस्तिका मिळायची. ती फक्त या दोन देशांपुरती चालायची, तिच्यावर इतर कुठेही जाता येत नव्हतं. दोन भावांच्या घरांमध्ये जायला खास पुस्तिका निघावी, याहून त्या फाळणीचं वेगळं वर्णन आम्हाला सुचत नाही.

व्हिसाही देशाचा मिळत नसे, ठरावीक शहरांचा मिळे. कराची लिहिलं असेल तर कराची, हैदराबादेत बहीण असली तरी तिथे जायचं नाही. उतरल्यावर पोलिसांत नोंद, निघताना पुन्हा नोंद. १९९४ मध्ये मुंबईतला पाकिस्तानचा वकिलातीचा दफ्तर आणि कराचीतला भारताचा, दोन्ही बंद झाले. तेव्हापासून व्हिसासाठी दिल्लीच्या फेऱ्या आल्या. मुनाबाव-खोखरापार मार्गावर फेब्रुवारी २००६ मध्ये थार एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी घाईघाईने पासपोर्ट काढले. ऑगस्ट २०१९ मध्ये ती थांबली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर व्हिसे रद्द झाले आणि अटारीची वाटही बंद झाली. आज तिकडच्या नातेवाइकांची मय्यत इथल्या लोकांना मोबाइलवरच कळते.

पण आमच्या जिल्ह्यातली काही माणसं तरीही कराचीला पोहोचतात. कागदाशिवाय आणि मर्जीशिवाय.

डहाणू, तलासरीकडची पुष्कळ आदिवासी मुलं ऑगस्टमध्ये मासेमारीचा हंगाम सुरू झाला की सौराष्ट्रात ओखा, पोरबंदर, वेरावळला बोटींवर खलाशी म्हणून जातात. इथे मजुरी कमी, तिथे महिन्याचा पगार आणि उचल मिळते. समुद्रात सीमेचा दगड नसतो. सर क्रीकजवळची रेषा तर दोन देशांनी अजून ठरवलेलीच नाही. मासा जिकडे, बोट तिकडे. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट पकडते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अशाच एका बोटीवर गोळीबार झाला आणि आमच्या पालघर तालुक्यातल्या वडराईचा एक तरुण खलाशी मारला गेला. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं, जाळं होतं.

तुरुंगातून सुटायला काय लागतं? शिक्षा तर काही महिन्यांत संपते. पण सोडायचं कोणत्या देशाकडे, हे आधी सिद्ध व्हावं लागतं. २१ मे २००८ रोजी दोन्ही देशांत करार झाला. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या, अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचं, आणि शिक्षा पूर्ण होऊन राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सोडायचं. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छीमार होते आणि भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी मच्छीमार. 'राष्ट्रीयत्वाची खात्री' हे तीन शब्दांपेक्षाही छोटं प्रकरण वाटतं, पण सगळा वेळ तिथेच जातो. कराचीतला कारकून ऐकून नाव लिहितो. वारली आडनाव, वडिलांचं नाव, पाड्याचं नाव, सगळं त्याला अनोळखी. ते तो उर्दूत लिहितो, तिथून ते इंग्रजीत जातं, इस्लामाबादेहून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला आणि मग डहाणूच्या पोलीस ठाण्यात येतं. पोलीस पाड्यावर जाऊन विचारतात, या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का? या वेळी आई-बायकोसमोर प्रश्न उभा राहतो तो आमच्या वर्गातलाच, कागदावरचं नाव आणि माणसाचं नाव जुळतं का. जिल्हा परिषदेच्या शाळेचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादीतली ओळ, हेच तेव्हा उपयोगी पडतं.

२००८ च्या मुंबई हल्ल्यात पोरबंदरची बोट वापरली गेली, त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्याची योजना निघाली. पण कार्ड बोटीबरोबरच जप्त झालं तर घरात काय उरतं? खात्री पटल्यावर वकिलात कैद्याला आणीबाणीचा प्रवास दाखला देते. पासपोर्टऐवजी एक कागद, एकाच प्रवासापुरता. मे आणि जून २०२३ मध्ये असेच जवळपास चारशे मच्छीमार मलीरहून रेल्वेने लाहोरला आणि तिथून वाघा-अटारीला आले. आयुष्यात पासपोर्ट न पाहिलेल्या माणसांचा परदेश प्रवास त्या एका कागदावर संपला.

म्हणून सौराष्ट्राला निघणाऱ्या मुलांच्या घरच्यांना, ती मुलं कोणत्याही जमातीची असोत, आम्ही एक गोष्ट सांगत असतो. आधार, मतदार कार्ड, शाळेचा दाखला, बायोमेट्रिक कार्ड यांच्या झेरॉक्स मुलगा निघायच्या आधी काढून घरी ठेवा. सोबत बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि मालकाचा फोन नंबर एका कागदावर लिहून घ्या. गुजरातच्या बोटीचं नाव घरच्यांना माहीत नसतं. पकडल्याची बातमी बोटीच्या नावाने येते आणि आपला मुलगा तिच्यावर होता की नव्हता, हे आठवडेच्या आठवडे कळत नाही.

आणि ज्यांना निवांतपणे सहलीला जायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच. मतदार कार्डावरचं नाव किंवा फोटो दुरुस्त करायला फॉर्म ८ भरायचा, नवीन नोंदणीला फॉर्म ६. तो तुमच्या भागातल्या बीएलओकडे मिळतो, आणि बीएलओ बहुतेक वेळा आमच्यातलाच कोणी शिक्षक असतो. पासपोर्टची साधी फी प्रौढांना १,५०० रुपये आणि अठराखालच्यांना १,००० रुपये आहे, साठीच्या वरच्यांना आणि आठ वर्षांखालच्यांना दहा टक्के सूट. तत्काळला २,००० रुपये जास्त. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा असतो. पूर्वी हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना खास हज पासवर जाता यायचं, त्यामुळे हज केलेल्या कित्येक बुजुर्गांकडे पासपोर्ट कधी नव्हताच. २००९ पासून आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा झाला. तेव्हा काढलेल्यांची दहा वर्षांची मुदत २०१९ च्या सुमारास संपली असेल. कपाटातल्या त्या निळ्या पुस्तिकेचं शेवटचं पान नव्हे, फोटोचं पान उघडून मुदतीची तारीख पाहून घ्या. आणि अकरावी-बारावीतल्या मुलाला न्यायचं असेल तर ते प्रमाणपत्र परीक्षा संपण्याआधी मागून घ्या. मे महिन्यात मुख्याध्यापकही गावाला गेलेले असतात.